माहेरच्या नावाचं कार्ड

वनिता,

तुझी चिठ्ठी सापडली, असं मी सगळ्यांना सांगितलं. साफ खोटं. हरवलेली वस्तू सापडते. तुझी चिठ्ठी हरवली कधी होती? माझ्या टेबलाच्या वरच्या ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या पिनांच्या डबीखाली ती चौदा महिने पडून होती, आणि पिना काढताना दर वेळी मला दिसत होती. वहीचं फाडलेलं अर्धं पान, त्याला टाचलेला तुझा पासपोर्ट साइजचा फोटो. "ताई, कार्डावर आता हे नाव लिहा. रागावू नका." आणि त्याखाली तुझ्या गोल गोल अक्षरात ते नाव. डबी उचलायची, पिना घ्यायच्या, डबी परत चिठ्ठीवर ठेवायची. असं चाललं होतं माझं.

तुला जाऊन आज तेवीस दिवस झाले. मी रडते तर लोक विचारतात, ही तुमची कोण लागत होती? काय सांगू? मी डहाणूच्या ब्लड बँकेतली टेक्निशियन, ती वाणगावजवळच्या पाड्यावरची सिकलसेलची पेशंट, मी खिडकीच्या आत आणि ती बाहेर, एवढंच सांगते. मग ते म्हणतात, अहो, असे पेशंट जातातच. आता काय डोंबल बोलायचं त्यांच्याशी! म्हणून तुझ्याशीच बोलते. तसंही भांडण अर्धवट टाकून गेली आहेस.

तू पहिल्यांदा आलीस ते २०१४ साल. तेव्हा बोर्डीला शिकायला होतीस. आईबरोबर आलेलीस, आईच्या हातात मिरच्यांची पिशवी. आई बाहेर बाकावर बसल्या आणि तू सरळ खिडकीत डोकं घातलंस. अंगात रक्त नाही म्हणून डॉक्टरांनी पाठवलेलं, ओठ पांढरेफटक, आणि तोंड मात्र चालूच.

"ताई, ही बाटली कोणाची?"

"रक्त देणाऱ्याचं नाव सांगत नसतात."

"का? मला काय त्यांच्या घरी जेवायला जायचंय?"

मी तुला दटावलं. खिडकीत डोकं घालायचं नाही, नियम आहे. तू डोकं मागे घेतलंस आणि दोन मिनिटांनी परत घातलंस. पुढे दर दीड-दोन महिन्यांनी तेच. नावं सांगत नाही म्हटल्यावर तूच बाटल्यांची माणसं तयार करायला लागलीस. एक बाटली चढली आणि दिवसभर झोप आली, तर तो माणूस आळशी. दुसरी चढली आणि भूक लागली, तर ती बाई सुगरण. एकदा मला म्हणालीस, "ह्या वेळचा फार चिडका होता हो ताई, मी घरी जाऊन आईशी भांडले." मी म्हटलं, मेले, भांडकुदळ तू, नाव त्या बिचाऱ्याला ठेवतेस. इतकी हसलीस की आई बाकावरून उठून बघायला आल्या. मला तू आवडत होतीस गं. हे मी तुला कधी म्हटलं नाही. आमच्याकडे प्रेम म्हणजे खेकसणं.

मग दोन वर्षांनी ती गडबड झाली. रक्त घेऊन आठवडा झाला आणि तुझे डोळे पिवळे, लघवी चहासारखी, अंगात ताप. त्या वेळी थोडक्यात निभावलं. आमच्या तपासणीत दिसलं की घेतलेल्या रक्ताविरुद्ध तुझ्या शरीराने अँटीबॉडी तयार केली आहे. ए, बी, ओ आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढंच लोकांना माहीत असतं. पण त्याच्या आत आणखी कितीतरी बारीक गट असतात. रोजच्या पेशंटला त्यांनी काही बिघडत नाही. ज्यांना पुन्हापुन्हा रक्त घ्यावं लागतं त्यांचं शरीर मात्र एकेक परकं ओळखायला लागतं आणि एक दिवस उलटतं.

तुझे स्वतःचे बारीक गट कोणते, हे बघायला गेले तर काही कळेना. तुझ्या अंगात इतक्या जणांच्या पेशी फिरत होत्या की नळीत थोड्यांच्या गुठळ्या व्हायच्या, थोड्या मोकळ्या राहायच्या. पाहुणे कोण आणि घरचं कोण? तीनदा केली टेस्ट, तिन्ही वेळा तसंच. आमचे डॉक्टर म्हणाले, आता जनुकंच तपासायला पाहिजेत. मुंबईला एका संस्थेत ती सोय होती. नमुना मी रजा टाकून स्वतः नेऊन दिला. पोस्टावर आणि कुरिअरवर माझा विश्वास नाही, हे तुला माहीतच आहे.

तुला समजावताना मी म्हटलं होतं, लाल पेशीत जनुकं नसतात, ती पांढऱ्या पेशीत असतात. तिथे बाहेरच्यांचा गोंधळ नाही. किती का बाटल्या चढेनात, तिथे फक्त तू.

"म्हणजे ताई, एवढ्या लोकांचं रक्त घेऊनही आत मी मीच?"

"तूच. अर्क आहेस. जाणार कुठे?"

तुला ते भारी आवडलं होतं. खिडकीच्या काचेला नाक लावून तू ते पुन्हा वदवून घेतलंस माझ्याकडून.

रिपोर्ट आला. किड नावाच्या गटातला ए तुझ्यात नव्हता, आणि बहुतेक सगळ्यांत तो असतो. म्हणजे तुला बी पॉझिटिव्ह रक्त तर हवंच, पण ज्यात तो किड ए नाही असं. मी पिवळ्या जाड कागदाचं कार्ड केलं. नाव वनिता काशिनाथ पाटील, गट, खाली लाल पेनाने सूचना. बाजारात जाऊन लॅमिनेट करून आणलं आणि तुला फोन लावला. "कार्ड तयार आहे. येऊन घेऊन जा." तू म्हणालीस, पोस्टाने पाठवा ना. मी म्हटलं, जीव तुझा आहे, तूच ये. आलीस. मी बजावलं, अंघोळीला जातानासुद्धा हे बरोबर ठेव. आणि आमच्या निळ्या वहीत व अक्षराच्या पानावर तुझं नाव लिहिलं. त्या वहीत तुझ्यासारखे दहा-बारा जण आहेत. रक्ताची मागणी आली की मी आधी ती वही उघडते.

मग शोध सुरू झाला, तुझ्याजोगतं रक्त कोणाचं. नेहमीच्या बी पॉझिटिव्हवाल्यांचे नमुने तपासून घेतले आणि निघालं कोण, तर आमचे हे! डहाणू स्टेशनवर पॉइंट्समन, भर पावसात रुळावर उभा राहणारा माणूस, पण सुई बघितली की पाय लटपटतात. मी आठ दिवस विनवण्या केल्या. शेवटी आले, डोळे मिटून पडले, आणि सगळं झाल्यावर विचारतात, "सुरू केलं का?" तू बाहेर बाकावरच होतीस. नाव सांगायचं नाही हा माझा नियम, आणि ह्यांनी बाहेर जाऊन तुलाच सांगितलं, "तुझ्यासाठी दिलंय हो पोरी, जपून वापर." त्या दिवसापासून तू ह्यांना काका म्हणायला लागलीस. त्यानंतर तुझं काहीही चुकलं की मी म्हणायचे, आमच्या ह्यांचं रक्त, दुसरं काय होणार. आणि तू मला उलट म्हणायचीस, "मग तर मी घरचीच की."

आता त्या भांडणाकडे येते. येतेच. टाळत नाही.

नीलेश मला आवडला होता, हे तुला ठाऊक आहे. मी तुला म्हटलं होतं, त्याची सिकलसेलची टेस्ट करून घेतल्याशिवाय होकार देऊ नकोस. तर तो मुलगा आपणहून रिपोर्ट घेऊन माझ्या खिडकीत उभा राहिला. "मॅडम, वनिताने सांगितलंय, आधी तुम्हाला दाखवायचा." तलासरीला शाळेत मास्तर, वडील रेल्वेतून रिटायर झालेले, घरही तलासरीतच. रिपोर्ट चांगला होता. मी तो दोनदा वाचला आणि म्हटलं, ठीक आहे, करा लग्न. जशी काही मीच मुलीची आई!

लग्नाला आले, जेवले आणि संध्याकाळची ड्यूटी म्हणून निघाले. तुझा गृहप्रवेश, ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिणं, ते सगळं मी गेल्यावर झालं. चार दिवसांनी तुझा फोन आला.

"ताई, ओळखा कोण बोलतंय. मानसी बोलतेय!"

"कोण मानसी?"

"मीच हो. माझं नवीन नाव."

माझं डोकंच फिरलं. मी काय काय बोलले तुला! शिकलेली मुलगी ना तू, नाव बदलू देतेस? आज नाव बदललं, उद्या आणखी काय बदलतील? तू मध्ये बोलायला बघत होतीस आणि मी बोलू देत नव्हते. शेवटी म्हणालीस, "ताई, तुम्हीच म्हणाला होता ना, आत काही बदलत नाही म्हणून? मग वरच्या नावाचं एवढं काय?" उत्तर नसलं की मी आवाज चढवते. "माझ्यासाठी तू वनिता. ते दुसरं नाव माझ्यापुढे घ्यायचं नाही." आणि फोन ठेवला. फोन ठेवल्यावर ह्यांना म्हटलं, बरोबर केलं की नाही मी? हे म्हणाले, "तिचं नाव आहे, तिला ठरवू दे की." मी ह्यांच्याशीही दोन दिवस बोलले नाही.

पुढच्या महिन्यात तुझ्या आई मिरच्या घेऊन आल्या आणि पिशवीतून ती चिठ्ठी काढून दिली. मी वाचली. त्या म्हणाल्या, "पोरीने सांगितलंय, आठवणीने द्या." मी म्हटलं, हो हो, करते. आणि ड्रॉवरमध्ये टाकली. पाच मिनिटांचं काम होतं गं. वहीत म च्या पानावर एक ओळ आणि एक नवीन कार्ड. पण मी मनाशी म्हटलं, करेल की फोन, येईल नाक घासत, मग करू. शिवाय तुझं बरं चाललं होतं. नव्या गोळ्या लागू पडल्या होत्या. वर्षभर रक्त लागलं नाही. फोन यायचा, तू सासूबाईंच्या गुजराती-मराठी बोलण्याची नक्कल करून दाखवायचीस, मी हसायचे, आणि नावाचा विषय तूही काढायची नाहीस, मीही नाही. आता वाटतं, तू किती सांभाळून घेतलंस मला.

मग तो बुधवार. तलासरीच्या बाजूच्या एका खाजगी दवाखान्यातून माणूस आला. सॅम्पल, दोन बाटल्यांची मागणी. मानसी नीलेश राऊत, वय सव्वीस, बी पॉझिटिव्ह. निदान, ताप आणि ॲनिमिया. सिकलसेल हा शब्द कोणी लिहिलाच नव्हता. आधी रक्त घेतलं आहे का, ह्याच्यापुढे लिहिलं होतं, माहीत नाही. मी निळी वही उघडली. म चं पान काढलं. दोन नावं होती, त्यात मानसी नव्हती. वही मिटली.

वनिता, मी ते नाव वाचलं. मोठ्याने वाचलं, लेबल लिहिताना मी वाचतेच. आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. राऊत आपल्याकडे ढिगाने, नीलेश ढिगाने, तलासरीहून रोज एक तरी मागणी असते. ते नाव माझ्यापुढे घ्यायचं नाही असं मी तुला सांगितलं होतं, आणि तू ते पाळलंस. चौदा महिन्यांत ते मी तुझ्या तोंडून पुन्हा ऐकलं नव्हतं.

तपासणीत अँटीबॉडी दिसली नाही. ती अशीच असते, वर्षभरात इतकी कमी होते की आमच्या नळीत दिसत नाही. शरीर मात्र विसरलेलं नसतं. बाटलीतल्या रक्ताशी क्रॉसमॅचही जुळलं. मी सही केली, दोन बाटल्या बर्फाच्या डब्यात घालून दिल्या, आणि डबा उघडून जेवायला बसले. दुधीची भाजी होती. हेसुद्धा आठवतंय बघ.

आठव्या दिवशी तोच माणूस परत. पेशंट पिवळी पडलीय, लघवी चहासारखी होतेय, हिमोग्लोबिन चढायचं सोडून उतरलंय. नवीन सॅम्पल लावलं. ह्या वेळी अँटीबॉडी ढळढळीत होती. कुठल्या पेशींशी चिकटते ते ओळीने बघत गेले आणि खालपर्यंत पोचायच्या आधीच थांबले. ही रांग मी आधी पाहिली होती. मी त्या माणसाला विचारलं, पेशंटचं माहेरचं नाव काय? तो म्हणाला, मला काय माहीत मॅडम. मी ओरडले त्याच्यावर. फोन लाव, आत्ता लाव. त्याने दवाखान्यात फोन लावला, तिथून नीलेशला विचारलं, आणि तो फोन कानाला धरून मला सांगायला लागला, "वनिता, मॅडम. वनिता काशिना..." मी निळ्या वहीतलं व चं पान काढलं.

ह्यांना स्टेशनवरून बोलावून घेतलं. हे आले, झोपले, हात पुढे केला आणि पहिल्यांदा सुईकडे टक लावून बघत राहिले. ह्यांच्या रक्ताच्या तपासण्या होईपर्यंत मी पाच वेळा घड्याळ पाहिलं. बाटली घेऊन मी स्वतः रिक्षाने तलासरीला आले.

तू पडली होतीस. डोळे हळदीसारखे. मला बघितलंस आणि ओळखीचं हसलीस.

"ताई, आलात? आता बरं वाटेल."

नीलेश म्हणाला, "तिला ताप होता तरी तिने मला सांगितलं होतं, रक्त डहाणूहूनच आणा. तिथे ताई आहे, ताई बघते. म्हणून इथे मी जुन्या आजाराचं काही बोललोच नाही." तू मान हलवलीस. म्हणालीस, "कार्ड वाणगावलाच राहिलं. पण म्हटलं, डहाणूहून येतंय ना, मग कार्ड कशाला?"

त्या वेळी सांगायला हवं होतं मी. तुझा हात माझ्या हातात होता. ती बाटली मीच दिली, तुझं नाव मी वाचलं आणि मला कळलं नाही, मला माफ कर. एवढी तीन वाक्यं. मी काय म्हटलं? "बोलू नकोस, दमशील." दटावलं तुला. सवयीने.

काकांची बाटली चढली, पण तुझ्या अंगाने आता आपलं-परकं बघायचं सोडून दिलं होतं. मोठ्या दवाखान्यात हलवलं, आणि दोन दिवसांनी तू गेलीस.

आमचे डॉक्टर म्हणतात, तुमची चूक नाही. टेस्ट निगेटिव्ह होती, क्रॉसमॅच जुळलं होतं, इतिहास कोणी सांगितला नव्हता. मी सगळं लिहून दिलं, चिठ्ठीसकट. तेव्हाच म्हटलं, ही ड्रॉवरमध्ये सापडली. त्यांनी वाचली आणि फाइलला लावली. फोटो तेवढा मी काढून घेतला.

आता मी मागणी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, बाई आहे का? माहेरचं नाव काय? लोक वैतागतात. परवा एक नवरा म्हणाला, रक्त पाहिजे हो, लग्न नाही जमवायचंय. मी म्हटलं, नाव सांगा, मग रक्त. एका म्हाताऱ्या आजींना स्वतःचं पहिलं नाव आठवायला वेळ लागला. आठवल्यावर त्या लाजल्या. मी ते वहीत लिहून घेतलं.

गेल्या आठवड्यात नीलेश आला होता. तुझं जुनं कार्ड त्याला वाणगावहून मिळालं, ते परत करायला. कार्ड खिडकीत ठेवलं. मी म्हटलं, तुम्ही तिचं नाव का बदललंत? काय ही वेळ होती विचारायची! पण विचारलं.

"आम्ही नाही बदललं, मॅडम. आमच्या घरी वनिताच ठेवायचं ठरलं होतं. आईला तर वनिता नाव आवडत होतं. तिनेच हट्ट धरला. मानसी नावही तिनेच काढलं."

"का?"

"ती म्हणाली, वनिता लहानपणापासून आजारी आहे. सगळ्या दवाखान्यांच्या कागदांवर वनिता आहे. मानसी अजून एकदाही ॲडमिट झालेली नाही. मला थोडे दिवस मानसी होऊन बघू दे."

हेच सांगायचं होतं का गं तुला फोनवर? मी मध्येमध्ये तोडत होते तेव्हा? एवढ्या आनंदात फोन केलेलास, ओळखा कोण बोलतंय म्हणून. मला वाटलं तुझं काहीतरी काढून घेतलं त्यांनी, आणि मी तुझ्या बाजूने भांडतेय. तू तर मस्त नवं नाव घालून मला दाखवायला आली होतीस. मी नीट बघितलंसुद्धा नाही.

मग काल तुझ्या आई आल्या. तेच बाक, तीच पिशवी. मग आत येऊन मिरच्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "तू बघत होतीस म्हणून मला घोर नव्हता, बाय. तू केलंस तेवढं कोणी केलं नाय." मला ते ऐकवेना. मी दार लोटलं, त्यांच्यापुढे बसले आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी त्यांनीच आणून दिलेली, ती ड्रॉवरमध्ये होती हे. बुधवारचं नाव मी वाचलं हे. सही माझी हे. सांगताना एकदाही रडले नाही. रडले असते तर त्यांनी मला समजावलं असतं, आणि ते मला नको होतं.

त्या पदराने टेबलावरची धूळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या,

"म्हणजे तू तिला ओळखलंच नाय?"

"नाही, मावशी. नाही ओळखलं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "माझ्या पण तोंडात ते नाव बसत नव्हतं. मी वनीच म्हणायची. तिकडे गेली की शेजारणी मानसी, मानसी करायच्या, तर मला वाटायचं दुसरीच कोणी आली." उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "ते कार्ड तिने मागितलेलं ना तुझ्याकडे? मग दे करून. आता काय उपयोग, असं म्हणू नको. पोरीने मागितलेलं."

मला माफ केलं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मिरच्या ठेवून गेल्या.

आज दुपारी बसले. पिवळा कागद घेतला, तुझा फोटो चिकटवला. फोटोत टिकली मोठी लावली आहेस, आणि हसू दाबून धरलं आहेस. बी पॉझिटिव्ह. किड ए निगेटिव्ह. लाल पेनाने सूचना, जशी आधी होती तशीच. त्यात एक अक्षर बदललेलं नाही. खाली, माहेरचं नाव वनिता काशिनाथ पाटील. वरची ओळ मात्र शेवटपर्यंत कोरी ठेवली होती. मग लिहिलं. लिहिताना मोठ्याने वाचलं, सवयीप्रमाणे. ह्या वेळी ओळखलं गं मी तुला.

निळ्या वहीतही लिहिलं, म च्या पानावर. बाजारात जाऊन लॅमिनेट करून आणलं. अजून कोमट आहे. खिडकीपाशी ठेवलं आहे.

मानसी, कार्ड तयार आहे. येऊन घेऊन जा.